तांदळावर लिहिलेलं नाव

माझ्या धाकट्या बहिणीला दोन नावं आहेत. इथे मी दोन्ही लिहिणार नाही. त्या दोन नावांनी आमचा जेवढा छळ केला तेवढा पुरे झाला.

पहिलं नाव आमच्या वडिलांनी ठेवलेलं. ते शाळेच्या दाखल्यावर गेलं, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर गेलं आणि ती परदेशातल्या इस्पितळात नोकरीला निघाली तेव्हा पासपोर्टवर गेलं. दुसरं नाव तिच्या सासूबाईंनी ठेवलं. लग्न लागल्यावर किहीमच्या त्यांच्या घरात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलाने अंगठीने त्यावर ते नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून वाकून बघू लागल्या. "छान आहे की," आई म्हणाली. मी म्हटलं, "आधीचं काय वाईट होतं?" आईने दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळंनिळं होतं. मी त्या दिवशी न जेवता उठले. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, जिलबी मात्र चांगली झाली होती असं नंतर कळलं.

माझं नाव कुणी बदललं नाही, कारण मी लग्नच केलं नाही. म्हणून मला या प्रथेचा राग आहे असं आमच्या नात्यातल्या बायकांना वाटतं. वाटू दे. मी अलिबागला कोर्टात कारकून आहे. रोज कुणी ना कुणी बाई प्रतिज्ञापत्र घेऊन समोर येते. लग्नापूर्वीचं नाव अमुक, लग्नानंतरचं नाव तमुक, दोन्ही नावांची व्यक्ती एकच. ती खरंच एकच राहिलीय का, हे काही कोर्ट विचारत नाही. आम्ही शिक्का मारतो आणि पुढची बाई बोलावतो.

लग्नानंतर बहीण महिनाभर किहीमला राहिली आणि परत कामावर रुजू झाली. तिचा नवरा मालवाहू जहाजावर, तोही निघाला. पुढे दोघांच्या सुट्ट्या जमतील तसं ती वर्षातून एकदा यायची. नवं नाव राहिलं ते किहीमच्या घरात, रेशनकार्डावर आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणात. आमच्याकडे ती जुन्या नावाचीच होती. आमचं गाव आत, पोयनाडच्या पुढे, भातशेतीचं. वडील अजून नांगराच्या बैलालासुद्धा एकदा ठेवलेल्या नावानेच हाक मारतात.

तिच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. किहीममधलं अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं, त्यामुळे सगळे त्यांना 'बाई' म्हणतात आणि मीही तेच म्हणते. नारळी-पोफळीची वाडी, मागे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या. बाईंच्या अंगणात वाळलेली झावळी पडली तरी ती परवानगी घेऊन पडते, असं मी बहिणीला म्हणायचे. ती हसायची आणि म्हणायची, "ताई, प्रेमळ आहेत गं त्या. फक्त त्यांना विचारलेलं आवडत नाही."

मग युद्ध पेटलं. तो कोणता देश हे मी लिहीत नाही, तिच्याबरोबरच्या काही मुली अजून तिकडेच आहेत. टीव्हीवर इमारती कोसळत होत्या आणि खाली पट्टीत आपल्या सरकारचं आवाहन फिरत होतं, की नागरिकांनी तयार राहावं, बसगाड्यांनी शेजारच्या देशात नेऊ आणि तिथून विमानाने आणू. तिकडे इंटरनेट बंद होतं. इस्पितळाच्या वसतिगृहातला जुना फोन कधी लागायचा, कधी नुसताच घरघरायचा. बहीण तळघरात राहत होती. एकदा फोन लागला तेव्हा तिने मला वालाला मोड आणताना पाणी किती वेळा बदलायचं ते विचारलं. मी सांगितलं आणि फोन ठेवून रडले. तिला ते चांगलं ठाऊक होतं, आमच्याकडे वाल ती लहानपणापासून निवडत आली आहे. तिला फक्त घरातलं काहीतरी ऐकायचं होतं.

त्या शनिवारी मी किहीमला गेले तेव्हा बाईंच्या खोल्यांमध्ये मुंबईचं एक कुटुंब उतरलेलं होतं. आतल्या टीव्हीवर धूर दिसत होता आणि बाहेर ते गृहस्थ विचारत होते, "मावशी, संध्याकाळी पोपटी मिळेल का?" बाई त्यांना म्हणाल्या, "मिळेल. वालाच्या शेंगा ताज्या आहेत, मडकं लावते." आवाज जरासुद्धा हलला नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. आत गेले तर त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि हातातलं भांडं पायांवर सांडत होतं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला पाहून त्यांनी ते खाली ठेवलं आणि चहा टाकला.

अलिबागला सरकारी मदत कक्ष उघडला होता. तिकडे अडकलेल्यांची नावं नातेवाइकांनी तिथे द्यायची, इथून ती वर जाणार आणि तिकडच्या यादीत लागणार. सोमवारी कोर्टात जाण्याआधी मी तिथे गेले आणि बहिणीचं नाव दिलं. वडिलांनी ठेवलेलं, पासपोर्टवरचं. पासपोर्टचा नंबर मात्र माझ्याकडे नव्हता. त्याची प्रत मेहुण्याच्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप जहाजावर आणि जहाज भर समुद्रात. "नंतर कळवा," तिथला कर्मचारी म्हणाला. मी वसतिगृहाचा पत्ता आणि फोन लिहून दिला.

वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "आपुन कशाला गेलाव? त्या घरची सून हाय ती. विहीणबाईंनी दिला आसंल की नाव. त्यांना वाईट वाटंल."

"बाबा, वाईट वाटायची ही वेळ आहे का?"

"तसा न्हाय गं," ते म्हणाले. मुलगी दिली की तिच्याबद्दल पहिला शब्द सासरचा, ही आमच्या वडिलांची रीत. त्यांनी कधी ती मोडली नाही, आणि त्या दिवशी मला ती बघवेना.

दुपारी बाईही त्या कक्षात गेल्या. त्यांनीही सुनेचं नाव दिलं. तांदळावरचं. ते त्यांच्या तोंडी बसलेलं होतं, घरात दुसरं नाव कुणी घेतच नव्हतं. नंबर त्यांच्याकडेही नव्हता. वसतिगृह तेच, फोन तोच, म्हणून कर्मचाऱ्याला शंका आली. त्याने संध्याकाळी आधी मला फोन लावला. मी कोर्टरूममध्ये, फोन बंद. मग त्याने बाईंना लावला. एकाच ठिकाणच्या दोन मुली आहेत की एकीचंच नाव दोनदा आलंय, असं विचारलं आणि मी दिलेलं नाव वाचून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "त्या नावाचं आमच्या घरात कुणी नाही. ते काढून टाका. मी दिलंय तेच बरोबर."

हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं, नाहीतर मला कधी कळलं नसतं. ते नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. लग्न ठरवताना शंभर वेळा घेतलं होतं. पण त्यांच्या लेखी ते नाव आता संपलं होतं. बदललेल्या नावाची मुलगी त्यांच्या घरात आली, तीच खरी. कर्मचारी बिचारा काय करणार? घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर त्याने नाव काढलं.

बुधवारी मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते तेव्हा बहिणीचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. तसा तो लहानपणी ताप चढला की व्हायचा.

"ताई, बस गेली."

"म्हणजे तू कुठून बोलतेस? बसमधून?"

"नाही. बस गेली. माझं नाव नव्हतं."

मी म्हटलं, "असं कसं नव्हतं? मी स्वतः दिलंय."

मग तिने सांगितलं. सकाळी वसतिगृहाच्या फाटकात बस आली. एक माणूस यादी घेऊन नावं पुकारत होता. नाव आलं की उठायचं, पासपोर्ट दाखवायचा, चढायचं. भोवती मुलींची रेटारेटी. त्याने एक नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. परत पुकारलं. ही आपली शेजारच्या मुलींच्या तोंडाकडे बघत राहिली, की कोण गं ही, उठत का नाही.

"तिसऱ्यांदा त्याने आडनाव जोरात घेतलं ना ताई, तेव्हा मला कळलं की ही मीच."

ती धावत पुढे गेली. त्याने पासपोर्ट पाहिला. नाव वेगळं, आडनाव वेगळं, नवऱ्याच्या नावाची जागा कोरी, कारण पासपोर्ट लग्नाआधीचा. ती सांगत होती की हे माझं सासरचं नाव आहे. तो माणूस म्हणाला, मघाशी तीनदा पुकारलं तेव्हा तुम्ही उठला नाहीत. आणि ते खरंच होतं. त्याने तिला बाजूला उभं केलं आणि तिची जागा पुढच्या मुलीला दिली.

"पुन्हा बस येणार का, ते कुणी सांगत नाही," ती म्हणाली, आणि फोन तुटला.

मी डबा तसाच टाकून निघाले. किहीमला जाणाऱ्या मिनीडोअर रिक्षात बसले तेव्हा काय काय बोलायचं ते मी मनाशी जुळवत होते. शेजारची बाई पांढऱ्या कांद्यांच्या माळा मांडीवर घेऊन बसली होती, तिने मला विचारलं, "बरं न्हाय का वो?" मी तिच्यावरही खेकसले.

बाई वाडीत पोफळींना पाणी सोडत होत्या. मी फाटकातूनच सुरुवात केली. तुमच्या हौसेपायी माझी बहीण मागे राहिली म्हणाले. ताटातल्या तांदळावरचं नाव बॉम्ब पडताना कामाला येत नाही म्हणाले. अजूनही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही.

बाईंनी आधी पाणी बंद केलं. मग त्यांनी मला तो संध्याकाळचा फोन सांगितला. काही न लपवता, त्या स्वतः काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द. सांगून झाल्यावर त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. एवढ्या ताठ बाई, पण बसताना त्यांना कठडा चाचपावा लागला.

"तीनदा पुकारलं, तरी उठली नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तिला ते आपलं वाटलंच नाही," त्या म्हणाल्या. मला विचारत नव्हत्या. मला वाटलं होतं की त्यांना असं बसलेलं बघून बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

पुढचं पटापट झालं. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. दोन नावांना जोडणारा कागदाचा एकच तुकडा घरात होता, लग्नपत्रिका. तिच्यावर बहिणीचं माहेरचं नाव आणि मुलाचं नाव छापलेलं; त्याच मुलाची बायको म्हणून नवं नाव रेशनकार्डावर होतं. बाईंनी पत्रिका देवघराच्या खणातून काढली, कोपऱ्याला लावलेलं कुंकू अजून होतं. आम्ही दोघी अलिबागला आलो. शेकडो बायकांसाठी पाहिलेलं ते प्रतिज्ञापत्र मी या वेळी माझ्या बहिणीसाठी टाइप करून घेतलं. नोटरीने विचारलं, "सुनेचं लग्नापूर्वीचं नाव सांगा." बाईंनी ते घेतलं. पूर्ण घेतलं, आमच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. त्यांच्या तोंडून ते नाव ऐकून मला कसंसंच झालं. आपल्या घरातली वस्तू परक्या घरात दिसावी तसं.

मदत कक्षातला कर्मचारी बाईंचा विद्यार्थी निघाला. त्याने पत्रिका पाहिली, प्रतिज्ञापत्र पाहिलं आणि म्हणाला, "बाई, वर पाठवतो. पण बस येईल का ते माझ्या हातात नाही."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तू नाव बरोबर लिही म्हणजे झालं."

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. फोन लागत नव्हता. टीव्हीवर बहिणीच्या शहराचा पूल पडलेला दाखवला. तोच पूल का, हे ओळखायला आमच्यापैकी कुणी तिथे गेलेलं नव्हतं. आई आमच्या घरी, बाई त्यांच्या घरी, दोघी एकमेकींना फोन करत नव्हत्या, दोघी मला करत होत्या. पहिल्या बसमधली माणसं विमानाने मुंबईत उतरली. त्यांना गुलाबाची फुलं देताना दाखवलं. मी टीव्ही बंद केला. कुणाच्या सुटकेचा हेवा वाटावा इतकी मी वाईट झाले होते, आणि तेव्हा मला त्याची लाजही वाटली नाही.

शेवटी एका सकाळी अनोळखी नंबरवरून ती बोलली. बस मिळाली, सीमा ओलांडली, आता विमानाची वाट बघतोय. रस्ता बदलून लांबून आणलं, वाटेत ठिकठिकाणी थांबवलं, म्हणाली. मी विचारलं, "आणि नाव?" ती म्हणाली, "या वेळी पुकारायच्या आधीच उभी होते."

विमानतळावर मी आणि वडील गेलो. ती निम्मी झाली होती. तिच्या हातात गुलाब होता, तो तिने वडिलांना दिला आणि कमरेला बांधलेल्या पाउचवर हात ठेवला. तो हात तिने नंतर काढलाच नाही. मी म्हटलं, थेट आपल्या घरी चल, आई थांबलीय. वडील म्हणाले, "आदी तिकरं, किहीमला. त्यांचा मान हाय." मी तिथेच भांडणार होते, पण बहीण म्हणाली, "चालेल ना, ताई. कुठेही चालेल." ज्या आवाजात ती ते म्हणाली, तो ऐकून मी फोन काढला. आईलाच मग किहीमला यायला सांगितलं.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने निघालो. वरच्या डेकवर पर्यटक सीगल पक्ष्यांना कुरमुरे टाकत होते, मोबाईलवर चित्रण करत होते. एकीने आपल्या मुलीला हाक मारली, मोठ्याने, नुसतं नाव घेऊन. बहीण ताडकन उठून उभी राहिली. मग आपणच ओशाळून बसली. वडिलांनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

किहीमला अंगणात बायका जमल्या होत्या. आई एका कडेला उभी होती. बाई दारात, एका हातात भाकरीचा तुकडा, शेजारी पाण्याचा तांब्या. तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं. बाईंचे डोळे सुजलेले होते, पण पातळ कडक इस्त्रीचं. आतून वालाच्या बिरड्याचा वास येत होता.

सगळे इतके दिवस धास्तावलेले, आता कुणालातरी हसावंसं वाटणारच. शेजारच्या वहिनी नवी नवरी अडवतात तशा दारात गेल्या आणि त्यांनी या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत हात आडवा धरला. "अशी कशी जाशील आत? आज नवी नवरीच हायस तू! सोडायची न्हाय गं हिला!" बायका हसल्या. मीही हसले.

बहीण थांबली. तिने दोन्ही पाय जुळवले आणि ताठ उभी राहिली. पाउचची चेन उघडून पासपोर्ट काढला, फोटोचं पान उलगडलं आणि वहिनींच्या आडव्या हातासमोर धरलं. मग तिने आपलं नाव सांगितलं. वडिलांनी ठेवलेलं नाव, वडिलांचं नाव, आमचं आडनाव. जन्मतारीख. गाव. सगळं इंग्रजीत, एका सुरात, कुणाच्याही तोंडाकडे न बघता. माझं नाव यादीत आहे, असंही ती इंग्रजीतच दोनदा म्हणाली.

हसणं जागच्या जागी थांबलं. वहिनींना हात खाली घ्यायचंही सुचेना. आईने पदर तोंडाशी नेला. मी पुढे होणार, तेवढ्यात बाईंनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. त्यांनी हात पदराला पुसले, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्या हातातून पासपोर्ट घेतला. फोटो पाहिला. तिच्याकडे पाहिलं. मग ते नाव वर्गात हजेरी घ्यावी तसं मोठ्याने, पूर्ण वाचलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "यादीत नाव आहे तुझं. सोडा तिला."

वहिनींनी हात काढला. बहिणीने पासपोर्ट मागून घेतला, पाउचमध्ये ठेवला, चेन लावली, ती नीट लागली की नाही ते पुन्हा चाचपून पाहिलं आणि मगच उंबरठ्यावरून पाय आत टाकला.